तळघरातल्या काकू

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, घरात मासे शिजवणार का तेही विचारलं नाही. विचारलं ते असं : "अंधाऱ्या बोळात समोरनं सहा जण आले, तर काय करशील?"

मी माढ्याची. माझं डोकं लवकर तापतं. म्हटलं, "काका, मला खोली पाहिजे. तुमच्या बोळात दिवा नाही का?"

"दिवा हाय. पण समज, न्हाय. काय करशील?"

"पळेन."

ते एकदम खूश झाले. आत तोंड करून ओरडले, "अगं, ही पळते! हिला द्यायची खोली!"

आतून काकूंचा आवाज आला, "पळंना का. पण पाणी येतं त्या दिवशी तरी घरात थांबंल का, ते इचारा."

माझ्याआधी एक बँकेतला मुलगा खोली बघून गेला होता. तो म्हणाला होता, "एकेकाला लोळवीन." त्याला खोली मिळाली नाही. घरमालकांच्या मते अशा माणसाच्या सामानाची जबाबदारी कोण घेणार?

सोलापूरचा सगळा पूर्व भाग त्यांना डिझाईन मास्तर म्हणायचा. सोलापुरी चादरीवरचे मोर, कमळं, हत्ती हे कुणीतरी आधी कागदावर काढावं लागतं, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मला वाटायचं माग आपल्या मनानं विणतो. मास्तर बारीक चौकड्यांच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून मोर काढायचे, आणि त्यावरून मागाला लावायच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली जायची. जन्मभर हेच काम. त्यामुळं त्यांना जग चौकोनातच दिसायचं. काकूंनी भाकरी गोल थापली तरी ते चार घड्या घालून चौकोनी करून खायचे.

कारखान्यात पुढं कधीतरी डिझाईनसाठी संगणक आला. मास्तरांनी त्याला हात लावायला साफ नकार दिला. तो बसवायला आलेल्या माणसानं त्यांची भीती जावी म्हणून एक खेळ लावून दिला. भीती गेली. डिझाईन मात्र मास्तरांनी शेवटपर्यंत हातानंच काढलं, संगणकावर फक्त खेळले. कारखान्याचे मालकही वस्तादच. निरोपसमारंभात त्यांनी मास्तरांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि संगणकाचा तो डबाही दिला. तोवर तो इतका जुना झाला होता की भंगारवाल्यानं नाक मुरडलं असतं.

तो खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, तिथली पोरं मोबाईलवर खेळतात त्यात घोडे धावतात, डोंगर कोसळतात. इथं काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या रेघा. म्हणे हे तळघर. एका तळघराखाली दुसरं, त्याच्याखाली तिसरं. सहा माणसांची टोळी करायची, तीन पुढं, तीन मागं, आणि खाली उतरायचं. खाली काय काय भेटेल त्याच्याशी लढायचं आणि जिवंत वर यायचं. राक्षसांची नावं इंग्रजीत यायची. मास्तरांनी त्यांची बारशी आपल्या हिशोबानं केली होती. कुत्र्याच्या तोंडाचे ते कुत्रमुंडे, डुकराच्या तोंडाचे ते डुकरतोंडे, आणि एक चिकट गोळा सरपटत यायचा त्याला शेंबूड. "पयल्या तळात शेंबूड लई," असं ते पाहुण्यांसमोरसुद्धा सहज म्हणायचे, आणि पाहुणे रुमाल काढायचे.

खेळाचा एक नियम फार वाईट होता. मेलं की मेलं. दुसऱ्या खेळांत मागं जाऊन परत सुरू करता येतं, तसं इथं नाही. माणूस मेला की तो डबा लगेच टिपून ठेवायचा. फायलीची नक्कल करून ठेवायची एक युक्ती असते. लॅबमधल्या पोरानं मला ती सांगितली आणि मी भाबडेपणानं मास्तरांना सांगितली. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू देवळातल्या पेटीत हात घातला होता.

"मग भ्या कशाचं वाटणार?" ते म्हणाले. "आन् भ्या न्हाय तर मजा कशाची?"

ही भीती त्यांनी खेळापुरती ठेवली असती तर बरं झालं असतं. पण ते सगळ्या जगालाच तळघराचे नियम लावायचे. लग्नात जेवायला गेले की आमची रांग तेच लावायचे. पुढं काकू, मागं मी, सगळ्यात मागं स्वतः. "पुढं जाड चिलखत लागतं," हे ते काकूंच्या देखत म्हणायचे, आणि काकू खरोखरच गर्दी बाजूला सारत आम्हाला बासुंदीपर्यंत नेऊन पोचवायच्या. उन्हाळ्यात मी बाजाराला निघाले की गॅलरीतून ओरडायचे, "निम्मी ताकद संपली की माघारी फिर! संपल्यावर फिरलं तर परत यायला काय उरणार?" सोलापूरच्या मे महिन्यात हा सल्ला शंभर नंबरी आहे, हे मला एकदा भर दुपारी चौकात घेरी आल्यावर पटलं. तरी चिडायचा माझा हक्क मी सोडला नाही.

मला बघायला बार्शीची मंडळी यायची होती तेव्हा तर त्यांनी कहर केला. आदल्या दिवशी मला समोर बसवलं. "हे बघ, तू पयल्या तळात हायस. आल्या आल्या भिडायचं न्हाय. बिनकामाची पेटी उघडायची न्हाय. आन् आधी बघून ठेवायचं, जिना कुटं हाय."

"काका, मुलगा बघायला येतोय. डुकरतोंड्या नाही."

"ते तुला आत्ताच कसं ठावं?"

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांशेजारी बसून त्यांनी अंधाऱ्या बोळाचा प्रश्न विचारलाच. ते बिचारे गृहस्थ म्हणाले, "पोलिसांना फोन करीन." मास्तर स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाले, "माणूस दुसऱ्याच्या जिवावर जगणारा हाय. बघ बाई." नकार आमच्याकडूनच गेला, कारण निराळंच होतं, पण ते श्रेय मास्तर अजून स्वतःकडं घेतात.

आता काकूंचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

टोळीतल्या सहा जणांना नावं द्यावी लागायची. मास्तरांनी ओळखीतलीच दिली होती. मेव्हणा पुढच्या रांगेत, कारण "त्यानं जरा मार खाल्ला तर बिघडत न्हाय." कारखान्याचे मालकही पुढंच, त्याच कारणासाठी. उठसूट इंजेक्शन टोचणारे गल्लीतले डॉक्टर पुजारी, कोपऱ्यावरचा किराणावाला चोर, आणि मास्तर स्वतः मांत्रिक, सगळ्यात मागं सुरक्षित. आणि पुढच्या रांगेत मधोमध, हातात सगळ्यात मोठी तलवार घेऊन, काकू. सुनंदा.

काकूंचे गुडघे गेले होते. जिना उतरणं म्हणजे त्यांना संकट. देवळाला जायच्या त्या सुटल्या, बाजार सुटला, हळदीकुंकू सुटलं. पण रोज संध्याकाळी चहाच्या वेळी त्या पलंगावर पाय लांब करून बसायच्या आणि विचारायच्या, "आज मी कुटं पोचले?"

मग मास्तर सांगायचे. "आज तू दुसऱ्या तळात उतरलीस. वायव्येच्या खोलीत चार डुकरतोंडे होते. मेव्हणा पयल्याच फटक्यात बसला."

"तो बसणारच. मग?"

"मग तू दोघांना आडवं केलंस. उरलेले तुला बघूनच पळाले."

"पळतील न्हाई तर काय." काकू बशीतला चहा फुर्र करून प्यायच्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगायच्या, "काल मी दोघांना आडवं केलं. डुकराच्या तोंडाचे होते." शेजारीण नवीन होती तेव्हा ती घाबरून माझ्याकडं चौकशीला आली होती. मी सांगितलं, खरं आहे, मी स्वतः ऐकलंय.

काकूंनी कधी त्या पडद्याकडं नीट बघितलं नाही, चष्म्याचा नंबर वाढला होता. पण खाली आपण हिंडतोय, लढतोय, कुणाला ऐकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि त्याचा त्यांना अभिमान होता. घरातल्या घरात भिंत धरून चालणारी बाई रोज एवढी लांब जाऊन यायची.

शेवटी गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. लेक पुण्याला असते, तिच्याकडं. मास्तरही निघाले होते, पण काकूंनीच थांबवलं. मागं एकदा काकूंची दाढ काढताना मास्तर बाहेरच्या बाकड्यावर चक्कर येऊन पडले होते आणि डॉक्टर काकूंना तसंच आ वासून ठेवून ह्यांच्याकडं धावले होते. काकू म्हणाल्या, "तुमी हितंच ऱ्हावा. तितं एकाच घरचे दोन पेशंट नकोत."

ऑपरेशनच्या दिवशी मी लॅबमधून परत आले तर दार उघडं, दिवा नाही, आणि मास्तर संगणकासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले. चेहरा पार उतरलेला.

"काका, काय झालं?"

"गेली."

मी त्यांना धरून बसवलं, म्हणजे ते बसलेलेच होते, पण मी धरलं. मग बाहेर येऊन लेकीला फोन लावला. मी काकूंचं विचारलं. ती म्हणाली, "अगं, बाबांना मगाशीच कळवलं की. छान झालं ऑपरेशन. आई शुद्धीवर आलीय, डॉक्टरांशी भांडतेय."

मी आत आले ती तरातराच. "काका! अहो, काकू तिकडं डॉक्टरांशी भांडतायत! आणि तुम्ही गेली म्हणता? जीभ कशी रेटते तुमची?"

"ती न्हाय गं." त्यांनी पडद्याकडं बोट दाखवलं. "हितली."

मला त्यांना बदडावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी आधी चहा टाकला.

झालं होतं ते असं. फोनची वाट बघताना जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून ते खेळायला बसले. तिसऱ्या तळाचा डावा अर्धा भाग त्यांनी पायी फिरून, चौकड्यांच्या कागदावर नीट उतरवला होता. उजवा भाग बघितलाच नव्हता. पण बघायची गरज त्यांना वाटली नाही. चादरीचं डिझाईन करताना मोर एका बाजूचाच काढायचा असतो. समोरचा मोर माग आपोआप उलटा विणतो. जन्म त्यात गेलेला. त्यांनी डावी बाजू तशीच्या तशी उजवीकडं उलटी काढून टाकली आणि म्हणाले, हितं दार असणार. दार नव्हतं. तिथं चकवा होता. पाऊल टाकलं की गरगर फिरवून भलतीकडंच नेऊन टाकणारा चौकोन. टोळी पडली ती डुकरतोंड्यांच्या घोळक्यात. मेव्हणा गेला, मालक गेले, काकू शेवटपर्यंत उभ्या होत्या, मग त्या गेल्या. मागचे तिघे काय टिकणार?

"सगळ्यांना सांगत आलो, बघितल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाय," मास्तर म्हणाले. "आन् तिला पुढं घालून मीच टाकलं."

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा आवाज औषधानं जड झाला होता. कशी आहेस, दुखतंय का, हे मास्तर विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आज मी कुटं पोचले?"

मास्तरांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि मोरीत जाऊन तोंड धुऊ लागले. मी म्हटलं, "काकू, रेंज नाही," आणि बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी सरळ उपाय सुचवला. त्याच नावाची नवी बाई करा, तलवार द्या, झालं. काकूंना काय कळणार?

"तिला न्हाय कळणार," ते म्हणाले. "मला कळंल की."

मग त्यांनी सांगितलं, एक वाट आहे. मेलेली माणसं पडली तिथंच पडून राहतात. नवी टोळी तिथवर गेली तर त्यांना उचलून वर आणता येतं. वर एक देऊळ असतं, तिथला पुजारी दक्षिणा घेऊन मेलेल्याला उठवतो. पण नवी टोळी म्हणजे कच्ची माणसं. कुत्रमुंड्याच्या फुंकरीनं मरणारी. त्यांना तिसऱ्या तळापर्यंत जगवायचं, तेही काकू परत यायच्या आत. आणि मास्तरांचा हात आता बटणावर पडेना. पाऊल टाकायचं म्हटलं की बोट हवेतच राहायचं.

"तू बस," ते म्हणाले. "तुला पळता येतं."

अशी मी त्या खेळात पडले. टोळीत सहाऐवजी पाचच जण घेतले, सहावी जागा काकूंना उचलून आणायला मोकळी. पुढच्या रांगेत मी माझ्या लॅबच्या साहेबांचं नाव घातलं. त्याचं कारण मला कुणी विचारू नये.

पहिल्या दिवशी आमची टोळी चहा निवायच्या आत मेली.

"पेटी कुणी उघडली?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

"कशाला?"

"समोर पेटी होती म्हणून!"

"रस्त्यानं जाताना समोर दिसंल ती पेटी उघडतीस का तू?"

परत नवे पाच. आता मास्तर माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पैसे मिळाले की आधी चिलखत घे, तलवार नंतर, मेलेल्या माणसाला तलवार काय कामाची. मंत्र शेंबडावर उधळू नको. झोपवायचा मंत्र मोठ्या घोळक्यासाठी ठेव, झोपलेल्याला मारणं सोपं. जखमी माणसाला मागं घे, त्याचा मान गेला तरी चालंल. नवं वळण दिसलं की आधी कागदावर काढ, मगच पुढं जा. आणि जिन्यापासून लांब जाऊ नको, लांब जाऊ नको, लांब जाऊ नको.

मी वैतागले. "हे काय, काका? दाराशी उभं राहून कुत्रमुंडे बडवत बसायचं? ह्यात कसला पराक्रम?"

"दार जवळ हाय तवरच माणूस शूर असतो," ते शांतपणे म्हणाले. "अजून चार कुत्रमुंडे बडव."

मी बडवले. रोज लॅबमधून आले की हात धुऊन बसायचे आणि बडवायचे. शेंगाची चटणी नि कडक भाकरी कीबोर्डशेजारी. गंमत म्हणजे मला त्याची गोडी लागली. आपली माणसं हळूहळू टणक होतात, काल ज्यानं मारलं तो आज आपल्याला बघून पळतो, हे बघायला बरं वाटतं. लॅबमध्येसुद्धा एखाद्या पेशंटनं डोकं फिरवलं की मी मनात म्हणायचे, निम्मी ताकद संपली, माघारी फिर, आणि आत जाऊन पाणी पिऊन यायचे. साहेब म्हणाले, तुमचा स्वभाव सुधारलाय. मी त्यांच्याकडं जरा मायेनंच बघितलं, त्यांनी कालच माझ्यासाठी चार फटके खाल्ले होते.

इकडं संध्याकाळचा फोन चुकत नव्हता. मास्तरांना खोटं बोलता येत नाही. ते इतकंच म्हणायचे, "तू सध्या बसलीयंस."

"बसलीय? कशापायी?"

"जरा इसावा."

"काय बाई! हितं डॉक्टर म्हणतो चाला, चाला. आन् तितं तुमी मला बसवून ठेवता. माझा इसावा तुमी कोण ठरवणार?"

फोन ठेवला की मास्तर माझ्याकडं बघायचे आणि मी मुकाट्यानं आणखी एक पायरी उतरायचे.

तिसऱ्या तळात पोचलो तेव्हा उजवा भाग आम्ही एकेक चौकोन चालून काढला. तो डाव्या भागासारखा मुळीच नव्हता. मास्तर प्रत्येक भिंत कागदावर चढवताना पुटपुटायचे, "हे बघ की. हे काय वेगळंच हाय." एका कोपऱ्यात पडद्यावर ओळ आली, इथं कुणीतरी पडलंय. सहाही नावं आली. जागा एकच होती.

"मालकांना सोडायचं?" मी उगाच विचारलं.

"सोड."

"आणि तुम्ही? तुमचंही नाव आहे ह्यात. मांत्रिक."

"मला काय झालंय? मी हितं चहा पितोय की. तिला उचल."

वर येताना डुकरतोंडे आडवे आलेच. साहेब मरायला टेकले होते, मंत्र संपले होते. मास्तरांनी माझं मनगट घट्ट धरलं. मी पळाले. ते पुन्हा आले, मी पुन्हा पळाले. जिना दिसला तेव्हा आम्ही दोघंही असे ओरडलो की शेजारीण धावत आली. तिला वाटलं क्रिकेट आहे.

काकू वर आल्या. पण मेलेल्याच. आता देऊळ.

आणि इथं मास्तर अडून बसले. त्या देवळातल्या पुजाऱ्याचा मंत्र दर वेळी लागतोच असं नाही. चुकला तर माणसाची राख होते. राखेवर आणखी एकदा प्रयत्न करता येतो. तोही चुकला तर नावच पुसलं जातं, कायमचं. मी बटणावर बोट नेलं की म्हणायचे, उद्या. उद्या म्हणायचे, आज अमावास्या हाय. मग शनिवार निघाला. मग वीज जाईल असं वाटतंय. वीज काही गेली नाही. मी म्हटलं, "काका, एवढं करून आणल्या त्या अशाच ठेवायच्या का?" तर म्हणाले, "पडली हाय तर पडू दे. निदान हाय तरी."

अशात काकूच परत आल्या. लेकीनं गाडीतून उतरवलं, काठीच्या आधारानं एकेक पायरी चढून त्या घरात आल्या, पाणी प्यायल्या आणि पलंगाकडं न जाता सरळ संगणकासमोरच्या खुर्चीत बसल्या. नवा चष्मा घातला होता.

"कुटं हाय मी? दाखवा."

मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. अर्धा नकाशा, उलटा काढलेला दुसरा अर्धा, चकवा, डुकरतोंडे. काहीही लपवलं नाही. मी दाराशी उभी. मला वाटलं आता भडका उडणार.

काकूंनी चष्मा सारखा करून पडद्यावरचं ते नाव वाचलं. मग म्हणाल्या, "म्हंजे एक बाजू बघितली आन् दुसरी तशीच आसंल, असं तुमीच धरून चाललात."

"व्हय."

"इचारायचं तरी."

"कुणाला?"

काकूंनी हात पुढं केला. "कोणतं बटण?"

"अगं, राख होते कधी कधी…"

"कोणतं बटण, पोरी?" हे मला. मी दाखवलं. त्यांनी दाबलं.

राख झाली.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. काकूंनी मला विचारलं, अजून एकदा जमतं ना? आणि मी हो म्हणायच्या आत दाबलंसुद्धा. पडद्यावर एक ओळ आली आणि ते नाव यादीतून गेलं. त्या जागी नुसता काळा पडदा राहिला.

मास्तर भिंतीकडं तोंड करून रडायला लागले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मलाही रडू आवरेना. एवढे कुत्रमुंडे मी उगाच बडवले का?

"आवो," काकू म्हणाल्या, "मी हितं हाय. रडताय कुणासाठी? या हिकडं. नवीन माणूस काढा."

मास्तर डोळे पुसत आले, खुर्ची ओढून बसले. खेळानं नाव विचारलं. त्यांनी सवयीनं सुनंदाचं पहिलं अक्षर दाबलं.

"ते न्हाय," काकू म्हणाल्या. "ते गेलं आता. कला लिवा."

"कला कोण?"

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. "मी. वेळापूरला मला सगळी कला म्हणायची. शाळेत कला, शेतात कला, चिंचेवर चढली तरी कलाच. लग्नात तुमी ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनंदा लिवलंत, तवा मला कळलं मी आता सुनंदा झाले. तितनं पुढं कोणी कला म्हणलंच न्हाय. आई गेल्यावर तर कोणीच न्हाय."

"ते नाव आमच्या आईनं काढलं होतं…" मास्तर चाचरले. "तुला आवडत न्हवतं व्हय?"

"चांगलं होतं की. लोकाच्या पोरीला शोभलं असतं."

"मग बोलली का न्हाईस कधी?"

"तुमी इचारलं कधी?"

मास्तरांची बोटं हवेत राहिली. ह्या वेळी मी मधे पडले नाही. मग त्यांनी एकेक अक्षर, मोर रंगवावा तसं सावकाश, दाबलं. कला.

खेळानं विचारलं, काम काय? मास्तर म्हणाले, "तलवार?"

"छ्या. मंत्र शिकीन म्हणते. मागं उभी ऱ्हाईन, आता कुटं नवे गुडघे घातलेत. पुढं तुमी व्हा."

मास्तरांनी पुढच्या रांगेत मधोमध स्वतःचं नाव घातलं. चिलखत घ्यायला पैसे नव्हते, तसेच उतरले. काकू एकेक बटण स्वतः दाबत होत्या आणि पहिल्याच कुत्रमुंड्यानं मास्तरांना असं हाणलं की काकू हसून हसून खोकायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबला निघाले होते. वरच्या माझ्या खोलीतून जिना उतरताना खालून मास्तरांची हाक ऐकू आली. आजवर त्यांची हाक म्हणजे "अगं" किंवा "अगं ए". आज ते दबक्या आवाजात, परक्या घराचं दार वाजवावं तसे म्हणाले, "कला."

आतून उत्तर आलं नाही. भांड्यांचा आवाजही थांबला. मीही पायरीवर थांबले.

मास्तरांनी घसा खाकरला आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "कला, चहा झाला का?"

"झालाय मगाशीच," काकू म्हणाल्या. "ऐकलं होतं पयल्या हाकेलाच. आणिक एकदा म्हणाल म्हणून गप बसले."